सातेरीच्या पेटीसाठी मेणपत्रा: कोणता घ्यावा आणि कसा बसवावा

मधपेटी एकदा घेतली की नीट राखल्यास वर्षानुवर्षे पुरते. मेणपत्रा, म्हणजे पेटीतल्या लाकडी चौकटीत (फ्रेममध्ये) बसवायचा मेणाचा पातळ पत्रा, मात्र दर हंगामाला लागतो, आणि वसाहतीचे पुढचे सगळे बांधकाम त्यावरच उभे राहते. तरीही पेटीचे लाकूड कोणते, झाकण कसे, खुरांना मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या बसतात की नाही, याची बारकाईने चौकशी करणारी माणसे मेणपत्र्याच्या बाबतीत पाकीट न उघडताच पैसे देऊन मोकळी होतात. या हंगामात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील आंबा-काजूच्या एका बागेत मी तीन प्रकारचे मेणपत्रे शेजारशेजारच्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या भारतीय मधमाशीच्या, वसाहतींना दिले. पहिला सातेरीच्या मापाचा, रोलर यंत्रावर काढलेला. दुसरा ऑनलाइन मागवलेला, ज्याच्या वेष्टनावर ‘भारतीय मधमाशीसाठी’ असे छापलेले होते. आणि तिसरा आपलेच मेण देऊन हाताने दाबायच्या साच्यावर करून घेतलेला. या तिन्हींचे हे परीक्षण आहे. विक्रेत्यांची नावे मी देत नाही. मेणाचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो, त्यामुळे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा माल हातात घेऊन पारखता येणे मधपाळाच्या अधिक उपयोगाचे आहे.

तिन्हींत पहिला पत्रा निर्विवाद सरस ठरला, तिसरा काही अटी पाळून घेण्याजोगा आहे, आणि दुसरा सातेरी पाळणाऱ्याने कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेणपत्रा म्हणजे पोळ्याचा पाया. पातळ मेणाच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी षटकोनी घरांचे तळ उठवलेले असतात, आणि माश्या त्यावर आपले मेण घालून भिंती वर चढवतात. ही कल्पना जर्मनीतील योहानेस मेहरिंग यांनी १८५७ मध्ये लाकडी साच्यावर प्रत्यक्षात आणली. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकेत रोलरची यंत्रे आली आणि पत्रा सर्वांच्या आवाक्यात आला. पत्रा उजेडासमोर धरला तर प्रत्येक घराचा तळ तीन तिरप्या चौकोनी पाकळ्यांचा दिसतो, आणि एका बाजूच्या घराचा मध्यबिंदू दुसऱ्या बाजूच्या तीन घरांच्या सांध्यावर येतो. चांगल्या पत्र्यात हा सांधा तंतोतंत जुळलेला असतो. दोन रोलर एकमेकांशी जरासे जरी सरकलेले असले तरी तळ एकीकडे जाड आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ होतो, आणि माश्या तो पातळ भाग कुरतडून भोके पाडतात. म्हणून पत्रा विकत घेताना सर्वात आधी तो उजेडासमोर धरावा.

त्यानंतर माप पाहावे. सातेरीच्या बाबतीत बाकी सगळे गुण या एका गोष्टीपुढे दुय्यम आहेत. बाजारात सर्वाधिक खपणारा पत्रा मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशीसाठी केलेला असतो, आणि त्यातील कामकरी माशीचे घर सुमारे ५.४ मिलिमीटर रुंद असते. आपल्याकडच्या सातेरीच्या कामकरी माशीचे घर सव्वाचार ते साडेचार मिलिमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना हा फरक किरकोळ वाटतो, पण माशीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. पट्टी घेऊन एका रांगेतील दहा घरे मोजावीत: मेलिफेराच्या पत्र्यावर ती ५४ मिलिमीटर भरतात, सातेरीच्या पत्र्यावर साधारण ४५ च्या आत बसायला हवीत. हेच मोजमाप आधी आपल्या पेटीतील, माश्यांनी स्वतःहून बांधलेल्या पोळ्यावर करून ते वहीत लिहून ठेवावे आणि पत्रा त्याच्याशी ताडून पाहावा. नुसते ‘सातेरी’ हे लेबल पाहून समाधान मानू नये. उत्तरेकडील डोंगराळ भागातील सातेरी आपल्या सातेरीपेक्षा अंगाने मोठी असते आणि तिची घरेही मोठी असतात, त्यामुळे तिकडच्या मापाचा साचा वापरून काढलेला पत्रा नावाने बरोबर आणि कोकणातील वसाहतीला मात्र ढिला, असा प्रकार होऊ शकतो.

ऑनलाइन आलेला दुसरा पत्रा नेमका इथेच नापास झाला. त्याचे मेण वाईट नव्हते, ठसाही स्वच्छ होता, कागद घालून बांधणीही व्यवस्थित केलेली होती; पण दहा घरांची रुंदी मेलिफेराचीच होती आणि पत्रा फक्त लहान फ्रेमच्या आकारात कापून दिलेला होता. मुद्दाम एका जोमदार वसाहतीत तो दिल्यावर माश्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. कडेच्या भागात त्यांनी ठसा सरळ खरवडून काढला आणि आपल्या मापाची घरे वाकडीतिकडी जुळवत नेली. मधल्या भागात मात्र ठशाप्रमाणेच घरे उभारली. सातेरीच्या नराचे घर कामकरी माशीच्या घरापेक्षा मोठे, म्हणजे मेलिफेराच्या कामकरी घराच्या जवळपास जाणारे असते. राणी अंडे घालण्यापूर्वी घराची रुंदी अजमावते आणि रुंद घरात बिनफळाचे, म्हणजे नराचे अंडे घालते. त्यामुळे काही आठवड्यांनी त्या फ्रेमच्या मध्यावर नरांचाच पिलावा (वाढणारी अंडी, अळ्या, कोष) झाकणांखाली बंद झालेला दिसला. सातेरीच्या नरकोषाचे झाकण ओळखायला अगदी सोपे असते: ते सपाट न राहता टोकदार फुगते, आणि शेंड्यावर सुई टोचल्यासारखे एक बारीक भोक असते. तळहाताएवढ्या भागात अशी टोकदार झाकणे ओळीने उभी राहिलेली दिसली की पत्र्याच्या मापाबद्दल आणखी कोणताही पुरावा लागत नाही. नर मध गोळा करत नाहीत, उलट साठवलेला खातात. काजूचा मोहोर फुटत असताना ज्या फ्रेमवर कामकरी माश्यांची फौज तयार व्हायला हवी होती, तिच्यावर नर पोसले गेले. विक्रेत्याला कळवले असता ‘माश्या जमवून घेतात’ असे उत्तर आले. माश्या जमवून घेतात हे खरे आहे, पण त्याची किंमत वसाहत मोजते.

मापानंतर मेणाची शुद्धता. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ पडू लागते. पॅराफिन (खनिज तेलापासूनचे मेण) मिसळलेला पत्रा दिसायला सुबक आणि गुळगुळीत असतो, परंतु पेटीत माश्यांचे आणि मधाचे वजन पडले की तो उन्हाळ्यात ताणला जाऊन खाली ओघळतो. घरे वरच्या बाजूला लांबट होतात आणि खाली पोट सुटते. मार्च-एप्रिलमध्ये जांभ्या दगडाच्या सड्यावर ठेवलेल्या पेटीवर दुपारी सावली नसेल, तर भेसळीचा पत्रा तग धरत नाही. स्टिअरिनची (मेणबत्तीत घालतात त्या चरबीजन्य पदार्थाची) भेसळ त्याहून घातक आहे, कारण ती पिलाव्याला मारक ठरते. २०१६ च्या सुमारास बेल्जियममध्ये अशा मेणाच्या पत्र्यांवर पिलावा मरत असल्याचे आढळले होते. ‘मेण ते मेण’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून म्हणूनच सावध राहावे.

घरच्या घरी करता येण्याजोग्या परीक्षा साध्या आहेत आणि त्या सुट्यासुट्या नव्हे, तर एकत्र पाहून निर्णय घ्यावा. पत्र्याचा कोपरा मोडला तर शुद्ध मेण थंड असताना रवाळ तुटते. पॅराफिनचे प्रमाण जास्त असेल तर कडा गुळगुळीत आणि बोटाला तेलकट लागते. तुकडा दातांखाली धरला तर शुद्ध मेण आधी चुरते आणि मग मऊ होते, दातांना चिकटून राहत नाही. बोटांनी चोळून वास घ्यावा. मधाचा आणि किंचित फुलांचा वास यायला हवा, मेणबत्तीचा नव्हे. पत्र्यावर पांढुरकी साय धरलेली दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. शुद्ध मेण काही काळ ठेवले की त्यावर अशी साय येतेच, आणि पत्रा उन्हात क्षणभर धरला किंवा हाताने पुसला की ती जाते. अनेक नवे मधपाळ तिला बुरशी समजून चांगला माल परत करतात आणि त्याऐवजी चकचकीत पॅराफिन घरी आणतात.

मेणाचा रंग पिवळा की तपकिरी यावरून शुद्धता ठरत नाही. आपल्याकडच्या बाजारातील पुष्कळसे मेण आग्या माश्यांच्या पोळ्यांपासून येते आणि ते सातेरीला चालते. परंतु रंगाच्या मागे दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि हापूसच्या पट्ट्यात तो फार गंभीर आहे. मेण स्निग्ध पदार्थ असल्याने तेलात विरघळणारी कीटकनाशके धरून ठेवते. मोहोरावरील तुडतुड्यांसाठी बागांमध्ये सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या फवारण्या होतात, आणि त्यांचे अंश वर्षानुवर्षे वापरलेल्या काळ्या पोळ्यांत साठत जातात. ती पोळी वितळवून त्यांचेच पत्रे केले तर तो साठा नव्या पिलाव्याच्या अंगाखाली जातो. मेण गाळल्याने धुळीचे कण जातात, विष जात नाही. म्हणून पत्र्यासाठी मेण द्यायचे असेल तर मध काढताना कापलेल्या झाकणांचे, म्हणजे त्याच हंगामात बनलेले कोवळे मेण द्यावे, आणि काळी पोळी मेणबत्त्यांकडे किंवा अन्य कामाला वळवावीत.

हाच तिसऱ्या पत्र्याचा मोठा फायदा आहे. आपले मेण नेऊन द्यायचे, घडणावळ द्यायची आणि त्याच मेणाचे पत्रे परत घ्यायचे, ही सोय ज्यांना जवळपास मिळते त्यांना मेण कुठले हा प्रश्नच उरत नाही. त्या कारागिराने साचा सातेरीच्या पोळ्यावरूनच घेतलेला होता, त्यामुळे मापही बरोबर आले. मात्र दाबाच्या साच्यावरचा पत्रा रोलरच्या पत्र्यापेक्षा जाड येतो आणि ठिसूळ असतो. रोलरमधून जाताना मेण ताणले जाऊन लवचीक होते. साच्यात ओतलेल्या मेणाला ती घडण मिळत नाही. डिसेंबरच्या सकाळी, हवा थंड असताना, साच्याचा पत्रा कापायला घेतला तर तो सुरीच्या रेषेवर न तुटता मनास येईल तिथे तडकतो. उपाय सोपा आहे: पत्रे थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवून बोटाखाली नरम लागेपर्यंत वाट पाहावी आणि मगच कापावेत. जाडीमुळे किलोमागे पत्रेही कमी बसतात. पण माश्या वाढीव मेण वाया घालवत नाहीत. तळातले मेण ओढून त्या भिंतींना लावतात, आणि हे बांधकाम पाहता जाडी हा मी दोष मानत नाही. मेण स्वतः वितळवून द्यायचे असल्यास लोखंडाचे किंवा तांब्या-पितळेचे भांडे टाळावे, कारण त्याने मेणाचा रंग बिघडतो. स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियम चालते.

आता बसवण्याविषयी. फ्रेममध्ये पत्र्याला आधार देणारी तार ढिली असेल तर उत्तम पत्राही वाया जातो, हे तिन्ही प्रकारांना सारखेच लागू आहे. मागणी देण्यापूर्वी आपल्या फ्रेमचे आतले माप घ्यावे. कोकणात न्यूटन पद्धतीच्या जुन्या पेट्या, भारतीय मानकाच्या ए प्रकारच्या पेट्या आणि स्थानिक सुताराने आपल्या अंदाजाने केलेल्या पेट्या अशा सगळ्या एकाच गावात नांदतात, आणि ‘सातेरी साइज’ एवढे सांगून आलेला पत्रा यांतील प्रत्येकीत बसेलच असे नाही. पत्रा आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी आणि उंचीला खालच्या पट्टीपासून सहा ते दहा मिलिमीटर वर राहील एवढा असावा. पेटीतल्या उबेने तो थोडा वाढतो. खाली जागा नसेल तर तो पोट काढतो, आणि वाकलेल्या पत्र्यावरचे पोळे शेजारच्या पोळ्याला जाऊन चिकटते. कापताना घरांची दिशाही पाहावी. माश्या स्वतः बांधतात तेव्हा षटकोनाच्या दोन भिंती उभ्या आणि एक कोपरा वर असतो. मोठा पत्रा आडवा कापून दिला तर सपाट बाजू वर येते. माश्या तोही बांधून घेतात, पण विकत घेताना आपण बरोबर तोच का मागू नये?

तारेच्या बाबतीत कोकणाला वेगळा नियम आहे. घाटावर साधी लोखंडी तार चालून जाते. इथे खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात ती एकाच वर्षात गंजते, गंजाचा डाग मेणात उतरतो आणि तार नेमकी मध काढताना तुटते. स्टेनलेस स्टीलची बारीक तार महाग असली तरी तीच घ्यावी. निदान कल्हई केलेली तरी असावी. बाजूच्या पट्ट्यांची भोके मऊ लाकडात तारेने चिरत जातात आणि ताण सुटतो, म्हणून भोकांत पितळी रिंगा ठोकाव्यात. पिलाव्याच्या फ्रेमला दोन आडव्या तारा पुरतात, मधकोठीच्या (मध साठवायच्या वरच्या कप्प्याच्या) बुटक्या फ्रेमला एक. तार ओढून खिळ्याला गुंडाळल्यावर बोटाने छेडावी. तंबोऱ्याच्या तारेसारखी ती स्वच्छ वाजली पाहिजे. नुसती थरथरली तर पुन्हा ओढावी.

पत्रा तारेत बसवण्यासाठी फ्रेमच्या आत सैल बसेल असा लाकडी पाट लागतो. तो पाण्याने ओला करावा, म्हणजे मेण चिकटत नाही. पाटावर पत्रा, त्यावर फ्रेम, आणि पत्र्याची वरची कड वरच्या पट्टीच्या खाचेत पूर्ण आत गेलेली, अशी मांडणी करावी. दातेरी चाक गरम पाण्यात बुडवून, पुसून, तारेवरून एकाच हलक्या दाबाने फिरवले की तार मेणात उतरते आणि तिच्यावर मेणाची बारीक शिवण पडलेली दिसते. दाब जास्त झाला तर चाक पत्रा आरपार कापते. कमी झाला तर तार वरच राहते, आणि माश्या उघड्या तारेभोवतीचे मेण खरवडून तिथे रिकामी रांग सोडतात. बारा व्होल्टची बॅटरी जवळ असेल तर तारेच्या दोन टोकांना क्षणभर जोडणी द्यावी. दोन-तीन सेकंदांत तार तापते, पत्रा तिच्यावर आपल्याच वजनाने बसतो, आणि जोडणी काढताच मेण गोठते. या पद्धतीत तार पत्र्याच्या पोटात अगदी मधोमध जाते, आणि माझ्या मते रोलरच्या पातळ पत्र्यासाठी हीच पद्धत योग्य आहे. साच्याच्या जाड पत्र्याला मात्र चाकच बरे. शेवटी खाचेत पातळ मेणाची धार सोडावी. फ्रेम तिरकी धरली की धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप वाहत जाते. ही धार आळसाने वगळली तर पहिल्याच उष्ण दुपारी पत्रा वरून सुटून दुमडतो, कारण सातेरी मेलिफेरासारखा झाडांचा डिंक आणून फटी चिकटवत नाही. तिच्या फ्रेममध्ये जे टिकायचे ते मेणाच्या जोडावरच टिकते.

पूर्ण पत्रा द्यावा की वरच्या पट्टीला दोन बोटे रुंदीची पट्टी लावून बाकीचे माश्यांवर सोडावे, याबद्दल मधपाळांत नेहमी वाद होतो. पट्टीचा खर्च कमी असतो आणि सातेरी सुंदर पोळे बांधते, हे मान्यच आहे. पण मधकोठीत मी पूर्ण पत्र्याच्याच बाजूने आहे. सातेरीचे नैसर्गिक पोळे नाजूक असते. मधयंत्रात फिरताना ते मुळातून निखळते, आणि मग मधाबरोबर पोळेही गेले. तार आणि पूर्ण पत्रा असलेले पोळे सावकाश फिरवून, बाजू पालटून, रिकामे करून परत पेटीत देता येते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो असा हिशेब पुस्तकांत देतात. तो थोडा कमी-जास्त धरला तरी आंब्याचा मोहोर, जांभूळ आणि करंज पाठोपाठ फुलत असताना तयार पोळे परत मिळालेली वसाहत किती पुढे जाते हे दिसतेच. पिलाव्याच्या कोठीत मधल्या फ्रेमना पूर्ण पत्रा आणि अगदी कडेच्या एका फ्रेमला नुसती पट्टी, ही मांडणी मला पटते. वसाहतीला काही नर हवेच असतात. ते त्या कडेच्या फ्रेमवर वाढतात आणि मधल्या फ्रेम कामकरी माश्यांसाठी मोकळ्या राहतात.

पत्रा कितीही चांगला असला तरी तो अवेळी दिला तर माश्या त्याला हात लावत नाहीत, उलट कुरतडतात. मेण येते ते कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून, तेही साधारण बारा ते अठरा दिवसांच्या वयात आणि पोटात मकरंद पुरेसा असताना. जून ते सप्टेंबर कोकणात धो-धो पाऊस आणि फुलांचा दुष्काळ. त्या काळात दिलेल्या पत्र्याचा भुगा तळफळीवर पडतो आणि त्यात मेणकिड्याच्या अळ्या होतात. पाऊस ओसरून रानात फूल दिसू लागले, वसाहतीत कोवळ्या माश्या वाढल्या, की मगच पत्रा द्यावा, आणि तोही पिलाव्याच्या लगतच्या जागी एका वेळी एकच. तो दोन्ही बाजूंनी बांधून होईपर्यंत दुसरा देण्याची घाई करू नये. फूल अजून पुरेसे नसेल तर साखरेचा पातळ पाक संध्याकाळी द्यावा. याच काळात जुन्या काळ्या पोळ्यांपैकी एक-दोन काढून घ्यावीत. सातेरीला काळे पोळे आवडत नाही. ती ते स्वतःच कुरतडून पाडते, किंवा मेणकिडा शिरला की पेटी सोडून निघून जाते. वसाहत पळाली असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा दोष राणीचा नसून न बदललेल्या पोळ्यांचा असतो.

कामगिरीत रोलरचा सातेरी पत्रा आणि साच्याचा पत्रा यांत अंतर होते ते मुख्यतः वेगाचे. डिसेंबरअखेर काजूचा मोहोर सुरू झाल्यावर रोलरच्या पत्र्यावर माश्यांनी आधी काम धरले, आणि पोळे वरपासून खालपर्यंत एकसारखे, कामकरी घरांचे बांधले. साच्याच्या पत्र्यावर त्यांनी थोडा विलंब लावला, परंतु एकदा सुरुवात झाल्यावर बांधकामात काही उणे राहिले नाही, आणि मार्चमधील उन्हात दोन्ही पोळी सारखीच ताठ राहिली. प्लॅस्टिकच्या पत्र्याचा विचार मी सातेरीसाठी केला नाही. मेणाचा थर दिलेला असला तरी सातेरी तो नाखुशीने स्वीकारते, आणि बहुतेक पत्रे मेलिफेराच्याच मापात मिळतात.

साठवणुकीबद्दल एक ताकीद देणे मला आवश्यक वाटते. उरलेले पत्रे आपल्याकडे कपड्यांच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांशेजारी ठेवले जातात. डांबरगोळीचा अंश मेणात मुरतो आणि मग जात नाही, म्हणून त्या ट्रंकेत पत्रे कधीही ठेवू नयेत. प्रत्येक पत्र्यामध्ये कोरा कागद घालून, सपाट, घट्ट झाकणाच्या डब्यात, टिनाच्या छपरापासून दूर अशा थंड खोलीत ठेवावेत. कौलारू घराचा माळा उन्हाळ्यात इतका तापतो की पत्रे एकमेकांना चिकटून एकच लगदा होतो. छापील वर्तमानपत्र टाळावे. शाई मेणाला लागते. कोऱ्या पत्र्याला बांधलेल्या जुन्या पोळ्याइतकी मेणकिड्याची भीती नसते, कारण अळीला नुसत्या मेणापेक्षा पोळ्यातील पराग आणि पिलाव्याच्या कोषांचे अवशेष हवे असतात. पण डब्याला फट ठेवू नये, कारण मुंग्या आणि उंदीर यांना तेवढा विचार नसतो.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून प्रशिक्षण घेताना तार ओढणे आणि पत्रा बसवणे स्वतःच्या हाताने करून पाहण्याचा आग्रह धरावा. नुसते पाहून ते जमत नाही. अनुदानातून पेटी मिळत असेल तर तिच्या फ्रेमचे माप त्याच वेळी लिहून घ्यावे. मागणी गणपतीच्या सुमारास नोंदवावी, कारण नोव्हेंबरात सगळ्यांनाच पत्रे हवे असतात आणि तेव्हा जे शिल्लक असेल तेच पदरात पडते. पहिल्यांदा थोडेच पत्रे मागवावेत, दहा घरे मोजावीत, कोपरा मोडून पाहावा, वास घ्यावा, आणि माप जुळले तरच बाकीची मागणी द्यावी. पार्सल एसटीने येणार असेल तर ते सकाळच्या गाडीने पाठवायला सांगावे आणि उतरवून घ्यायला स्वतः जावे. डिकीतल्या दुपारच्या उकाड्यात रोलरचा उत्तम पत्राही वाकडा होतो, आणि तो पुन्हा सरळ करण्यात अर्थ नसतो.